क्षमेच्या वाक्यातला कर्ता

टीकाकाराने कथा, कादंबरी, काव्य यांवर लिहावे, सरकारी कागदांच्या वाटेला जाऊ नये, असा आपल्याकडे संकेत आहे. यंदा तो मोडून मी थोडे सरकारी वाङ्मय तपासायला घेतले आहे. जुन्या अन्यायांबद्दल सरकारांनी मागितलेली क्षमा हा आता जगभर एक वाङ्मयप्रकारच होऊन बसला आहे. आणि ज्या शब्दांवर माणसांची अब्रू अवलंबून असते, त्यांची पारख व्हायलाच हवी.

मी पडलो मराठीचा मास्तर. तेव्हा माझी कसोटी व्याकरणाची: वाक्यातला कर्ता कोण? ‘अन्याय झाला’ या वाक्यात कर्ता आहे तो खुद्द अन्यायच. पाऊस पडला, तसा तो झाला. ‘आम्ही अन्याय केला’ म्हटले की माणूस सापडतो. पहिल्या वाक्याला खेद म्हणावे. क्षमा दुसऱ्या वाक्यापासून सुरू होते.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्या. तेथल्या मूळ रहिवाशांची मुले सरकारने आईबापांपासून तोडली आणि संस्थांत व गोऱ्या कुटुंबांत वाढवली. १९९९ साली पंतप्रधान हॉवर्ड यांनी संसदेत ठराव मांडला. त्यात मनःपूर्वक खेद होता, क्षमा नव्हती. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान रड यांनी मात्र आजवरच्या संसदांच्या आणि सरकारांच्या कायद्यांनी व धोरणांनी हे दुःख दिले, असे सांगून क्षमा मागितली. कर्ता उघड झाला. भरपाई मात्र त्या भाषणासोबत आली नाही, हे त्याचे उणेपण. अमेरिकेने तेही केले. महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या लोकांची तिने १९८८ च्या कायद्याने क्षमा मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर देऊ केले.

दूरदेशीच्या या गोष्टी दिवाळीच्या फराळासोबत कशाला, असे वाचक विचारील. पण २०१९ साली, जालियनवाला बागेच्या शताब्दीला, ब्रिटनच्या पंतप्रधान मे यांनी नुसता खेद व्यक्त केला, तेव्हा तो उणा शब्द आपल्याला लागला होता. लागणे योग्यच होते. आता त्याच कसोटीवर घरचा कागद घासून पाहू.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातीचे नाव यादीत चढले की तिचे मूल जन्मतःच संशयित. हजेरी, परवान्यावाचून गाव सोडायला बंदी, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली ‘सेटलमेंट’. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. मोठे काम केले. पण रद्द करताना, तुम्हांला चोर ठरवणे हेच खोटे होते, असे कोणी म्हटले नाही. नाव मिळाले ‘विमुक्त’. सुटका बंद्याची होते; बंदी कोणी केले, हे त्या शब्दात कोठेच नाही. पुढे १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. वर्धा जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. कागदावर जमात जाऊन व्यक्ती आली, पण संशय जुन्याच वाटेने चालत राहिला. तुरुंगांच्या नियमावल्यांतला हा जन्माचा शिक्का पुसायला सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल द्यावा लागला.

कायदा इंग्रजांचा, मग क्षमा आपण का मागावी? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे तो आपल्याच कायद्याच्या पुस्तकात होता. आणि इंग्रजी अमलातही या लोकांच्या हालचालींची वर्दी देण्याचे काम गावचे पाटील आणि जागले यांच्यावर होते. ते कोणी विलायतेहून आले नव्हते.

सरकारने गाळलेला कर्ता मराठी लेखकांनी लिहून ठेवला आहे. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही पुस्तके वाचा. मारणारा कोण, मार खाणारा कोण, यात तेथे संदिग्धता नाही. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ यांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. पुस्तकांचा गौरव झाला. पुस्तकांतल्या माणसांची क्षमा कोणी मागितली नाही.

आमच्या जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत. तेथली मुले शाळेत येतात. वर्गात कोणाची कंपासपेटी हरवली की सगळ्यांच्या माना एकाच बाकाकडे वळतात. त्या बाकावरच्या मुलांनी १८७१ चा कायदा पाहिलेला नाही. माना वळवणाऱ्यांनीही नाही. कायदा रद्द होतो, मानेचे वळण राहते. ते मोडायला कायद्याइतक्याच अधिकाराने उच्चारलेला शब्द लागतो.

शब्दाने काय होणार, कृती हवी, असे म्हणणारे आहेत. कृती हवीच. १९२८ साली याच वर्ध्यात जमनालाल बजाजांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. त्या कृतीला कर्ता होता, म्हणूनच तिला अर्थ आला. बेड्यावर घर, जमीन, जातीचा दाखला हे सारे पोचलेच पाहिजे. पण क्षमेवाचून पोचले तर ते उपकार ठरते, आणि क्षमेसह पोचले तर देणे ठरते.

वाक्य काही अवघड नाही. ‘आम्ही तुम्हांला जन्माने चोर ठरवले. ते खोटे होते. आम्ही तुमची क्षमा मागतो.’ विधानसभेने ते ३१ ऑगस्टला उच्चारावे आणि त्याची प्रत प्रत्येक बेड्यावर वाचून दाखवावी. त्यातला कर्ता सातवीतला मुलगाही ओळखील.