निवेदन कापलेली फीत

औसा तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी स्पूलच्या अडतीस फिती होत्या. रेडिओसमोर मायक्रोफोन धरून, घरातल्यांना गप्प बसवून, त्यांनी वर्षानुवर्षे शास्त्रीय संगीताच्या सभा मुद्रित केल्या होत्या. गुरुजी गेल्यावर त्यांच्या मुलाने मला बोलावले. मी नांदेडहून यंत्र घेऊन गेलो आणि चार महिने दर रविवारी लातूरमार्गे औशाला जाऊन त्या फिती संगणकावर उतरवून घेतल्या. या कामात मी एक चूक केली. ती दुरुस्त होण्यासारखी नाही. ती चूक आणि तिच्यामुळे सुचलेला विचार, हा या लेखाचा विषय आहे.

आधी या फितींचे महत्त्व कशात आहे ते पाहू. मराठवाडा 1956पर्यंत हैदराबाद संस्थानात व नंतर हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या अमलातले हैदराबाद आणि औरंगाबाद येथील रेडिओ 1950मध्ये आकाशवाणीकडे आले. परभणीचे केंद्र 1968मध्ये सुरू झाले. नांदेड-लातूरकडच्या श्रोत्याला मोठ्या संगीत परिषदा दूर होत्या, पण मध्यम लहरींना जिल्ह्याची वा भाषेची हद्द नसते. रात्र पडली की हैदराबाद, धारवाड, पुणे, मुंबई अशी केंद्रे कमी-अधिक खरखरीसह लागत. महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या गायकीची ओळख आमच्या भागातल्या अनेकांना अशी झाली, सुई फिरवता फिरवता.

दुसरे कारण वेळेचे. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. त्यात विलंबित ख्याल मावत नाही, मावते ती त्याची जाहिरात. ज्यांचा आवाज तीन मिनिटांत पकड घेणारा, त्यांचे नाव घरोघर झाले. ज्यांचे गाणे पंधराव्या मिनिटाला उमलत असे, त्यांच्यासाठी तबकडी नव्हतीच. रेडिओने त्यांना अर्धा तास दिला. त्यामुळे आज ज्यांना आपण ‘उपेक्षित’ म्हणतो अशा कितीतरी गवयांचे खरे गाणे उरले आहे ते प्रसारणात, आणि त्यातलेही पुष्कळसे खाजगी फितींवर.

उपेक्षित म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला एका इंग्रज संगीतकाराची मदत झाली. जॉन फोल्ड्स हे त्यांचे नाव. जन्म 1880, मँचेस्टर. पहिल्या महायुद्धातील मृतांसाठी त्यांनी ‘अ वर्ल्ड रेक्विएम’ ही प्रचंड रचना केली. 1923मध्ये ती लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रथम सादर झाली, 1926पर्यंत दरवर्षी युद्धविराम दिनाच्या निमित्ताने होत राहिली आणि मग बंद पडली. फोल्ड्स यांची गंभीर रचना मागे पडली, हलक्याफुलक्या चिजा तेवढ्या वाजत राहिल्या. 1935मध्ये ते पत्नी मॉड मॅकार्थी यांच्यासह भारतात आले. पुढे दिल्लीच्या आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले आणि 1939मध्ये कोलकात्यात पटकीने वारले. ‘वर्ल्ड रेक्विएम’ पुन्हा ऐकायला मिळाले ते 2007मध्ये, त्याच सभागृहात, बीबीसीच्या वाद्यवृंदाकडून. एक्याऐंशी वर्षांचे मौन होते, पण ते मोडता आले, कारण कागदावरची संहिता टिकली होती. त्यांच्या भारतातल्या काळातील बऱ्याच संहिता मात्र हरवल्या, आणि त्या रचनांचे मौन कोणत्याही वाद्यवृंदाला मोडता येत नाही.

ब्रिटनमध्ये अशा संगीतकारांची जुनी प्रसारणे जपणारे, एकमेकांना देणारे रसिक आहेत. त्यांच्या कामाचे मोल मोठे आहे, तरी त्यांच्याकडची फीत ही रचनेची साक्ष असते. रचना तिच्याबाहेर, कागदावर, शिल्लक असते. आपल्याकडे तसे नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. भातखंड्यांचे शिष्य, बडोद्यात फैयाजखाँसाहेबांची तालीम, लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य. ‘सुजन’ या मुद्रेने त्यांनी असंख्य बंदिशी बांधल्या आणि ‘अभिनव गीतमंजरी’च्या तीन भागांत स्वरलिपीसह छापल्या. म्हणजे फोल्ड्स यांच्यासारखी ‘संहिता’ त्यांच्याजवळ होती. तरीही गायक म्हणून त्यांच्याबद्दलचे मत बराच काळ एका शब्दात संपत असे: पंडित. ‘पंडित’ म्हणजे ज्याचे ऐकायचे नाही, वाचायचे. मीही वीस वर्षे हेच मत उसने घेऊन वागवले.

त्यांचे जे गाणे आज ऐकायला मिळते ते बव्हंशी आकाशवाणीसाठी गायलेले आहे. ते ऐकताना आवाज थकलेला जाणवतो, कधी चिरकतो. हे लपवण्यात अर्थ नाही. पण दहा मिनिटे थांबले की लक्षात येते, की हा माणूस राग सिद्ध करत बसलेला नाही. एखाद्या स्वरावर तो येतो, तो स्वर न लावता मागे वळतो, आणि दुसऱ्या वेळी लावतो तेव्हा आपण त्याची वाट पाहत होतो हे आपल्याला कळते. हे छापील बंदिशीत कुठेच नाही. स्वरलिपीत स्वर आहे, त्याआधीचे थांबणे नाही. पुस्तक वाचून रातंजनकरांवर दिलेला निवाडा म्हणून अपुरा ठरतो. आपल्या संगीतात प्रसारणाची फीत ही रचनेची साक्ष नसते; ती स्वतःच रचना असते. ती गेली की सगळेच गेले.

या गोष्टीला एक उपरोधाची किनार आहे. पन्नाशीच्या दशकात आकाशवाणीने कलावंतांची चाचणी घेऊन प्रतवारी करायला सुरुवात केली, तेव्हा तिच्याशी रातंजनकरांचे नाव जोडले गेले आणि मुंबईकडच्या अनेक कलावंतांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. ज्या संस्थेमुळे ते अप्रिय झाले, तिच्याच फितींनी त्यांचे गाणे राखले.

आता माझी चूक. औशाच्या फितींपैकी एका डबीवर पेन्सिलीने लिहिले होते: ‘जगन्नाथबुवा, जोगकंस, मुंबई ब’. जगन्नाथबुवा पुरोहित म्हणजे ‘गुणीदास’. राम मराठे, सी. आर. व्यास, यशवंतबुवा जोशी, माणिक वर्मा, जितेंद्र अभिषेकी अशी शिष्यपरंपरा घडवणारे गुरू; जोगकंस हा राग त्यांचाच मानला जातो. 1968मध्ये ते वारले आणि त्यांचे स्वतःचे ध्वनिमुद्रण अत्यंत दुर्मीळ. सत्तावीस मिनिटांचे हे गाणे ऐकून माझे हात थरथरले. सुरुवातीच्या निवेदनात खरखर फार होती, त्यातून ‘गुणीदास’ एवढा शब्द मला स्पष्ट लागला. तेवढ्यावर माझी खात्री पटली. खरखरीची पहिली चाळीस सेकंदे मी कापून टाकली, गाणे स्वच्छ केले, ‘जगन्नाथबुवा पुरोहित, आकाशवाणी मुंबई’ असे नाव दिले आणि ओळखीच्या रसिकांना मोकळ्या मनाने वाटले. त्यांनी पुढे वाटले. मूळ फितीला बुरशी होती. ‘आता ठेवून काय करायचे?’ असे गुरुजींच्या मुलाने विचारले, तेव्हा मीच म्हणालो, ‘काम झालंय, टाकलीत तरी चालेल.’

दोन वर्षांनी नांदेडला एका वृद्ध तबलजींना मी हे गाणे अभिमानाने ऐकवले. पाच मिनिटे ऐकून ते म्हणाले, ‘गाणं झकास आहे. पण काय हो, पेटी वाजतेय की मागं. तेव्हा रेडिओवर पेटी कुठं होती?’

मी गारच पडलो, कारण उत्तर मला ठाऊक होते आणि ते पुन्हा फोल्ड्स यांच्यापाशी जात होते. हार्मोनियमच्या ठरीव स्वरांत भारतीय संगीताची मींड आणि सूक्ष्म श्रुती बसत नाहीत, अशी कडक टीका त्यांनी 1938मध्ये आकाशवाणीच्या नियतकालिकात केली होती. रवींद्रनाथांचेही मत पेटीविरुद्ध होते. लायोनेल फील्डन आकाशवाणीचे प्रमुख असताना 1940मध्ये पेटीवर बंदी आली. 1971मध्ये ती अंशतः उठेपर्यंत स्टुडिओतल्या शास्त्रीय गायनाला साथ असे ती मुख्यतः सारंगीची. मग 1968मध्ये वारलेल्या गायकाच्या मागे आकाशवाणीच्या स्टुडिओत पेटी कशी? एकतर हे प्रसारण नव्हे, किंवा गाणारे जगन्नाथबुवा नव्हेत. डबीवर केंद्राचे नाव होते आणि निवेदन मी स्वतः ऐकले होते. म्हणजे दुसरेच खरे.

मग मी गुरुजींच्या इतर डब्या पुन्हा वाचल्या. उलगडा तिथे होता. बंदिश कोणाची हे कळले, तर ते गायकाऐवजी रचनाकाराचे नाव लिहीत. त्यांच्या लेखी ‘जगन्नाथबुवा’ ही गाण्याची ओळख होती, गाणाऱ्याची नव्हे. निवेदकानेही गायकाचे नाव सांगून, पुढे रचना गुणीदासांची, असेच म्हटले असणार. गायकाचे नाव त्या चाळीस सेकंदांत होते. ती चाळीस सेकंदे मी कापली आणि मूळ फीत माझ्या सांगण्यावरून उकिरड्यावर गेली. बुवांच्या नामवंत शिष्यांच्या आवाजाशी मी हे गाणे ताडून पाहिले, एकाशीही जुळत नाही. कोणीतरी कमी माहितीचा, पण सत्तावीस मिनिटे जोगकंस सांभाळणारा गवई. उपेक्षितांची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसानेच त्याला बेनाव केले.

दुरुस्तीची पत्रे मी सर्वांना पाठवली. काहींनी नाव बदलले. बरेच जण म्हणाले, ‘असू द्या हो, गाणं तर चांगलं आहे.’ हे उत्तर मला सर्वांत जास्त लागले. चुकीच्या नावाने फिरणारे हे गाणे आता जगन्नाथबुवांच्या गायकीचा पुरावा म्हणून वापरले जाणार. त्यावरून त्यांच्या आवाजाविषयी, लयीविषयी मते बनणार. समीक्षेचा पायाच असा खोटा पडला, तर वर कितीही रसिकतेने लिहिले तरी ते टिकत नाही.

दुर्मीळ प्रसारणे वाटूच नयेत, असे मी म्हणत नाही. आमच्याकडे कपाटाला कुलूप लावून बसलेले संग्राहकही पाहिलेत; त्यांच्या फिती बुरशीने आणि उन्हाळ्याने खाल्ल्या. मुंबईत सुरेश चांदवणकरांच्या पुढाकाराने सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने दाखवून दिले, की तबकडीवरचा क्रमांक, लेबल, वर्ष यांची नोंद हीच संग्रहाची किंमत. तबकडीला लेबल असते. प्रसारणाचे लेबल म्हणजे निवेदन. ते कापणे म्हणजे पुस्तकाचे मुखपृष्ठ फाडून पाने वाटणे.

कायद्याचीही बाजू आहे. प्रसारणावरील प्रसारकाचा हक्क पंचवीस वर्षांचा, सादरकर्त्या कलावंताचा पन्नास वर्षांचा. दुसरा हक्क अधिक लांब आहे, हे मला योग्य वाटते. पण हक्क सांगायला आधी कलावंताचे नाव तरी उरले पाहिजे.

तेव्हापासून मी काही नेम पाळतो. फीत सुरू होते तिथपासून संपते तिथपर्यंत उतरवायची. निवेदन, खरखर, मधला बातम्यांचा तुकडा, सगळे. स्वच्छ केलेली प्रत वेगळी. विजेची गुणगुण पुसायची नाही: आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून ती गुणगुण बावन्नवर आढळली तर फीत जलद फिरते आहे हे कळते आणि गायकाची खरी पट्टी सापडते. डबीवर जे लिहिले आहे ते एका रकान्यात, मला जे वाटते ते दुसऱ्यात. आणि मूळ फीत, बुरशी लागली तरी, टाकायची नाही.

त्या जोगकंसाच्या नोंदीत गायकाच्या रकान्यात मी ‘अज्ञात’ लिहिले आहे. सत्तरीच्या दशकात मुंबई ‘ब’वर, पेटीच्या साथीने, गुणीदासांची जोगकंसातली बंदिश कोणी गायल्याचे कुणाच्या घरच्या वहीत, डायरीत वा जुन्या करारपत्रात आढळले, तर मला कळवावे. तो रकाना मी मोकळा ठेवला आहे.