‘सहाय’चा हिशेब

सआदत हसन मंटो यांची ‘सहाय’ ही कथा धर्मापलीकडच्या माणुसकीची कथा म्हणून वाचली जाते. हे वाचन सोयीचे आहे, पण अपुरे आहे. ‘माणुसकी’ हा शब्द उच्चारला की पांढरपेशा वाचकाची सुटका होते. कोण कोणाचे काय देणे लागतो, हा प्रश्न मागे पडतो. मंटो नेमका तोच विचारतात.

कथेमागे एक घडलेला प्रसंग आहे. फाळणीच्या दिवसांत रावळपिंडीहून आलेल्या एका शीख कुटुंबाची कहाणी मंटो आणि त्यांचा जिवलग मित्र, नट श्याम, यांनी एकत्र ऐकली. मी मुसलमान, मला मारावेसे वाटत नाही का, असे मंटोंनी नंतर विचारले. आता नाही, पण ऐकत असताना मारू शकलो असतो, असे श्यामने सांगितले. जानेवारी १९४८ मध्ये मंटोंनी मुंबई सोडली.

कथेत हेच जुगल मुमताजला ऐकवतो. लाहोरात त्याचा चुलता मारला गेला आहे. मैत्री खोटी नव्हती. पण ती एकत्र बसण्या-पिण्याची, थट्टामस्करीची होती. परस्परांचे देणे तिच्यात नव्हते. म्हणून एक बातमी येते आणि लाहोरची वसुली मुंबईच्या मित्राकडून करण्याचा विचार मनात शिरतो. दंगलीचा हिशेब असाच असतो: एकाचे कर्ज दुसऱ्याच्या नावावर.

याच्या समोर मंटो सहायला उभा करतात. हा हिंदू दलाल भेंडीबाजाराच्या वस्तीत जखमी होऊन पडला आहे. त्याच्यापाशी सुलताना या मुसलमान वेश्येचे दागिने आणि बाराशे रुपये आहेत. मरता मरता तो ते मुमताजच्या हाती देतो: जिचे तिला पोचव. धर्माविषयी तो प्रवचन देत नाही. ज्याचे त्याला, हा त्याचा हिशेब. आणि दंगलीच्या हिशेबाला तेवढे एकच उत्तर आहे.

सहायला संत करण्याचे मात्र कारण नाही. तो बाईच्या देहाच्या कमाईवर जगतो. त्याच्या प्रामाणिकपणाने तो धंदा शुद्ध होत नाही. आणि सुलताना या कथेत जवळजवळ मुकी आहे. जिची ठेव, तिचे म्हणणे काय, हे मंटो विचारत नाहीत. कथेची ही उणीव नोंदवलीच पाहिजे.

तरीही मंटो फसवत नाहीत. सहायची गोष्ट सांगूनही मुमताज थांबत नाही, बोट निघते. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये त्याच मुंबईत दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले. वसुली पुन्हा शेजाऱ्याकडूनच झाली. अशा वेळी मित्राला मिठी मारणे सोपे आहे. त्याची ठेव त्याच्या दारापर्यंत नेऊन देणे, रस्ता पेटलेला असताना, हे अवघड आहे. मैत्रीची परीक्षा तिथे होते.