न वाजवलेल्या नादाची भाषा

‘अनाहत’ म्हणजे आघाताविना उमटलेला. नादयोगाची सारी साधना या एका शब्दाभोवती उभी आहे, आणि तिच्याविषयी लिहिणाऱ्या ग्रंथकाराची अडचणही याच शब्दात आहे. जो नाद कोणत्याही वाद्यातून निघत नाही, तो वाचकाला सांगायचा कसा? आपल्याजवळ ध्वनीची जी नावे आहेत ती बहुतेक आहताचीच: घंटा, शंख, मृदंग. नाथपरंपरेतल्या दोन ग्रंथांनी या अडचणीतून काढलेल्या वाटा शेजारी ठेवून पाहिल्या, तर नादसाधनेचा अभ्यास कशाला म्हणावे, या प्रश्नावरही प्रकाश पडतो. एक ग्रंथ स्वात्मारामाची पंधराव्या शतकातली ‘हठप्रदीपिका’. दुसरा तिच्या आधीचा, शके १२१२ मधला, आपला ‘ज्ञानेश्वरी’.

हठप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात नादानुसंधान येते. आदिनाथांनी लयाचे सव्वा कोटी प्रकार सांगितले, त्यांत हा मुख्य, असे स्वात्माराम म्हणतो. ज्यांना तत्त्वबोध झेपत नाही अशा अडाणी माणसांसाठीही गोरक्षनाथांनी तो सांगितला, असेही नोंदवतो. कृती साधी आहे: मुक्तासनात बसावे, शांभवी मुद्रा धरावी, उजव्या कानात आतला नाद एकाग्रतेने ऐकावा. मग नादांची यादी येते. आधी समुद्र, मेघ, भेरी, झर्झरी. मध्ये मर्दल, शंख, घंटा, काहल. शेवटी किंकिणी, वेणू, वीणा आणि भ्रमर.

ही यादी बरेचदा साधकाच्या प्रगतीचे कोष्टक म्हणून वाचली जाते. पण त्याच उपदेशात आरंभ, घट, परिचय आणि निष्पत्ती या चार अवस्थांना धरून दुसरा क्रमही दिला आहे, आणि तो पहिल्याशी जुळत नाही. तिथे आरंभालाच ‘क्वणक’ ऐकू येतो. दागिन्यांची किणकिण असा त्याचा अर्थ टीकाकार करतात. भेरी आणि मर्दल त्यानंतर येतात. म्हणजे एका क्रमात बारीक किणकिण अखेरीस आहे, दुसऱ्यात ती उंबरठ्यावरच आहे. स्वात्माराम संग्राहक होता, अनेक जुन्या ग्रंथांतले श्लोक त्याने एकत्र आणले, हे या विसंगतीचे एक कारण असेल. तरी ती त्याला खटकलेली दिसत नाही, याचा अर्थ लावला पाहिजे. त्याचा भर ध्वनीच्या नावावर नाही. मोठा नाद कानी असतानाही त्यातला सूक्ष्म, अतिसूक्ष्म नाद धरावा, ही त्याची खरी सूचना आहे. मकरंद पिणारा भुंगा गंधाकडे पाहत नाही, मत्त हत्ती अंकुशाने आवरतो, हरिण जाळ्यात सापडते. त्याचे हे सारे दृष्टान्त मनाविषयीचे आहेत. आणि शेवटी नादही उरत नाही. निःशब्द तेच परब्रह्म, असे तो सांगतो. वाद्यांची नावे ही वाटेवरच्या खुणांसारखी आहेत. मुक्काम त्यांच्यापलीकडे आहे.

ज्ञानदेवांची वाट निराळी. सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी होऊन हृदयापर्यंत येते तेव्हा तिथल्या अनाहताचे वर्णन ते करतात, पण वाद्यांची यादी देत नाहीत. ते एकदम दृश्याकडे वळतात: घोषाच्या कुंडात नादाची चित्रे प्रणवाच्या वळणाने रेखली आहेत. ऐकण्याची गोष्ट डोळ्यांना दाखवायची, हे कवीचे धाडस झाले. त्याहून महत्त्वाची आहे ती पुढची ओवी. कल्पना केली तरच हे कळायचे, पण कल्पना करणारा तिथे आणायचा कुठून? त्यामुळे तिथे काय गाजते आहे कोण जाणे, असे ते म्हणतात. उपमा उभी केली आणि लगेच तिचा आधार काढून घेतला. स्वात्मारामाने जे क्रमाने, पायरी पायरीने साधले, ते ज्ञानदेवांनी दोन ओव्यांत साधले. ऐकणाराच उरत नाही तिथे वर्णनही थांबते, ही त्यांची प्रामाणिक कबुली या प्रकरणाचा काव्यदृष्ट्या उत्कर्षबिंदू आहे.

ज्ञानेश्वरीच्या काही दशके आधी, यादवांच्याच राज्यात, देवगिरीला सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. संगीताच्या या ग्रंथात आरंभी शरीराची उत्पत्ती आणि चक्रे येतात, हे आजच्या वाचकाला नवल वाटेल. शार्ङ्गदेवाचा निवाडा स्वच्छ आहे: अनाहताची उपासना मुनी गुरूपदेशाने करतात, ती मुक्ती देते, पण रंजन करत नाही. आहत नाद मात्र लोकांना रिझवतो आणि भवबंधनही तोडतो. महाराष्ट्राने पुढे सामुदायिक साधनेसाठी निवडला तो हा आहतच. कीर्तनात टाळ-मृदंग आहेत, सप्ताहात वीणा खाली न ठेवता हातोहात चालू राहते. योगमार्ग सोप्या शब्दांत उलगडणाऱ्या ज्ञानदेवांचे नाव घेऊनच हे सारे चालते. योगाची वाट थोड्यांची, नामाची सर्वांची, ही वारकऱ्यांची समजूत शार्ङ्गदेवाच्या त्या निवाड्याशी जुळते.

म्हणूनच नादयोगाच्या आजच्या अभ्यासात एक भेद सांभाळायला हवा. भ्रामरी प्राणायामातला गुंजारव किंवा धातूच्या वाटीचा लांबणारा ध्वनी मनाला निववतो, यात वाद नाही. पण तो आहत आहे. त्याला अनाहताचे नाव दिले की साधना आवाजापाशीच संपते. उलट बाजूने, कानात सतत घुमणारा आवाज यादीतल्या एखाद्या वाद्याशी जुळला म्हणून सिद्धी समजणेही धोक्याचे. तो कानाचा विकारही असू शकतो, आणि त्यासाठी वैद्याकडेच जावे लागते. परंपरेत हा निवाडा गुरू करीत असे. साधक काय ऐकतो यापेक्षा ऐकताना त्याचे मन कुठे आहे, हे तो पाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामाने १९७० मध्ये हठप्रदीपिकेची संशोधित आवृत्ती काढली, त्यामुळे पाठ आज कोणालाही पडताळता येतो. तो पाठ मात्र यादीपाशी न थांबता निःशब्दाच्या श्लोकापर्यंत वाचायला हवा.