'तुझ्या भाषेत' म्हणणारा कोण?

स्पॅनिश रॉक संगीतावर लिहिणारे समीक्षक बहुधा गीताचे शब्द हातात घेतात आणि त्यांतला विद्रोह मोजू लागतात. मोजून झाले की निकाल देऊन मोकळे होतात. ही पद्धत मला अपुरी वाटते. लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतील बायकांनी या संगीताभोवती जे उभे केले, ते शब्दांत फार थोडे सापडते.

1971 च्या आवान्दारो महोत्सवानंतर मेक्सिकोच्या सरकारने रॉकला हुसकावून गरीब वस्त्यांतल्या अंधाऱ्या जागांत ढकलले. तेच संगीत 1980 नंतरच्या दशकात, अखेरच्या वर्षांत, बड्या ध्वनिमुद्रण कंपनीने सन्मानाने बाजारात आणले. मोहिमेचे नाव 'रॉक एन तु इदिओमा', म्हणजे तुझ्या भाषेतले रॉक. पण हा 'तू' कोण? ज्याच्या खिशात तबकडीपुरते पैसे आहेत तो. सरहद्द ओलांडून दुसऱ्यांची घरे झाडणारी, कपडे शिवण्याच्या कारखान्यात राबणारी बाई त्या 'तू'मध्ये धरलेली नव्हती. तिची मुलगी तर नव्हतीच.

या मुलीने मात्र कंपनीची वाट पाहिली नाही. अ‍ॅलिस बॅग, मूळच्या आलिसिया आर्मेन्दारिस, 1977 पासून 'द बॅग्ज' या पंक गटात गात होत्या. आईबाप मेक्सिकोतून आलेले. बापाने आईला केलेली मारहाण त्यांनी 'व्हायलन्स गर्ल' (2011) या आत्मकथनात झाकलेली नाही. त्यांची तेव्हाची गाणी इंग्रजीत आहेत म्हणून त्यांना या चर्चेतून वगळणाऱ्यांशी माझे भांडण आहे. रांचेरा गाण्यांतला बेगुमान आवाज या पंकमध्ये कसा उतरला, हे मिशेल हाबेल-पालान यांनी दाखवून दिले आहे. शब्द इंग्रजी होते, गळा नव्हता.

1994 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 187 वा प्रस्ताव संमत केला. कागदपत्रे नसलेल्यांना सरकारी शाळा बंद, तातडीचे उपचार सोडले तर दवाखानाही बंद. न्यायालयांनी तो पुढे रोखला; पण दहशत बसायची ती बसली. अशा वेळी स्पॅनिश गाण्यासाठी एकत्र जमणे ही नुसती करमणूक राहत नाही.

'केत्साल' हा गट याच काळातला. रॉकमध्ये वेराक्रूसचे सोन हारोचो मिसळणारा, स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींत गाणारा. त्याच्या गायिका मार्था गोन्सालेस यांचे नाव निघाले की 2013 चे ग्रॅमी पारितोषिक सांगितले जाते. मला त्याहून मोलाचे वाटते ते 'एन्त्रे मुहेरेस', म्हणजे 'बायाबायांत', हे काम. लॉस एंजेलिसच्या आणि वेराक्रूसच्या बायकांनी मिळून गाणी रचली. आईपण बाजूला ठेवून नव्हे, त्याच्यासकट. रात्रीचे कार्यक्रम, दौरे, दारूची दुकाने हा रॉकचा पुरुषी दिनक्रम. कडेवर मूल असलेल्या बाईला त्यात जागा नाही. या बायकांनी त्यात जागा मागितलीच नाही, दिनक्रमच मोडला. फान्दांगोत लाकडी तारिमावर पायांनी ताल धरतात, आणि पाळीपाळीने तिथे येणाऱ्या बायका काही तिकीट काढून आलेल्या श्रोत्या नसतात. गीताचे शब्द मोजणाऱ्याला हे कसे दिसावे?

तरीही एक गोष्ट मला खुपते. वेराक्रूसला जाऊन परत यायला पारपत्र लागते. कागद नसलेली बाई गेली तर तिची परतीची वाट बंद होते. सरहद्दीपलीकडच्या भगिनीभावाची गाणी तिने कोणत्या कानांनी ऐकावी? या संगीताचे कौतुक करणाऱ्यांनी हा प्रश्न टाळता कामा नये. मी स्वतः बरेच दिवस टाळला होता.

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हाबेल-पालान आणि सॉनेट रेटमन यांनी 'विमेन हू रॉक' हा मौखिक इतिहासाचा संग्रह उभारला आहे. बाईच्या तोंडून तिचा इतिहास घ्यायचा, ही त्याची रीत मला पटते. लक्षात राहतात मात्र गाणाऱ्यांचीच नावे. गाणे चालू असताना मागे इतरांची पोरे सांभाळत बसलेली जी बाई असते, तिची मुलाखत मला वाचायची आहे.