डच मुद्राचित्रांतील सिंह : एक अर्थसंकोच

प्रारंभीच्या डच मुद्राचित्रांतील सिंह हे ऐक्याचे प्रतीक होय, असे सरसकट म्हटले जाते. ते चूक नाही. परंतु ऐक्य कोणाचे, हा प्रश्न त्यात तसाच राहतो.

‘लेओ बेल्गिकुस’ हा सिंहाकृती नकाशा प्रथम इ. स. १५८३ मध्ये कोलोन येथे प्रसिद्ध झाला. कल्पना ऑस्ट्रियन इतिहासकार मिखाएल आइत्सिंगर याची. ताम्रपटावरील कोरीवकाम फ्रान्स होगेनबेर्ख याचे. बहुतेक प्रांतांच्या राजचिन्हांत सिंह होताच. आइत्सिंगरने सतराही प्रांत एकाच सिंहदेहात बसविले : समुद्रकिनारा ही पाठ, ईशान्येकडील भाग हे मस्तक, दक्षिणेकडील प्रांत हे मागचे अंग. तथापि १५७९ च्या उट्रेख्ट करारान्वये मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांनी आपली निराळी जूट बांधली होती, आणि १५८१ मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचे स्वामित्वही झुगारले होते. म्हणजे देश दुभंगू लागल्यावर हा अखंड देह अवतरला. त्यातील ऐक्य हे वस्तुस्थितीचे वर्णन नव्हे. ते प्रतिपादन आहे, किंबहुना आर्जव आहे.

क्लास यान्स फिस्सरच्या १६११ च्या नकाशात हे आर्जव उघडच दिसते. १६०९ मध्ये स्पेनशी बारा वर्षांचा युद्धविराम झाला होता. येथे स्वतंत्र नेदरलंड आणि आर्चड्यूकांच्या अमलाखालील नेदरलंड अशा दोन स्त्रिया शेजारी बसल्या आहेत, आणि युद्ध निद्रिस्त आहे. निद्रिस्त, मृत नव्हे! चित्रकाराचा हा विवेक अनेक भाष्यकारांपेक्षा अधिक सूक्ष्म म्हटला पाहिजे. १६२१ मध्ये ते युद्ध पुन्हा जागे झाले.

भाषेत शब्द तोच राहून त्याचा अर्थ आक्रसतो. ‘मृग’ म्हणजे मूळचा कोणताही पशू. पुढे तो केवळ हरिण झाला. (‘मृगेंद्र’ या सिंहवाचक शब्दात जुना अर्थ अद्याप टिकून आहे.) सिंहचिन्हाचेही तसेच झाले. म्युन्स्टरचा तह होऊन प्रजासत्ताकाला मान्यता मिळाली त्याच १६४८ सालच्या फिस्सरच्या नकाशात सिंह आहे, पण तो एकट्या हॉलंड प्रांताचा. फ्लँडर्स आणि ब्राबंट तर वगळले गेलेच. परंतु ज्यांच्यासह स्वातंत्र्य मिळविले, त्या प्रजासत्ताकातील इतर सहा प्रांतांनाही या देहात जागा उरली नाही.