सरळ शिंगं, वाकडी शिंगं

समीक्षा करण्याचा तुमचा अधिकार काय, असं कुणी मला विचारलं तर मी गप्प बसेन. मी बी.कॉम. आहे. बँकेत कारकून आहे. नाटकाला गेलो तर मध्यंतरातल्या बटाटेवड्याबद्दल माझं मत ठाम असतं, नाटकाबद्दल बायकोचं. तरीसुद्धा माझ्यावर समीक्षक होण्याची पाळी आली, आणि तीही कुठे, तर अमेरिकेत. आणि कशाबद्दल, तर सायकलीच्या हँडलाबद्दल!

त्याचं असं झालं. आईला दादाकडे पोचवायला मी गेलो होतो. दादा सॅन होजेजवळ राहतो. घरात शिरलो तर वातावरण तंग. बाप आणि मुलगा एकमेकांशी बोलत नव्हते. दोघंही माझ्याशी बोलत होते. गॅरेजमध्ये गेली वीस वर्षं छताला टांगलेली दादाची जुनी माउंटन बाइक खाली उतरली होती. पुतण्याने तिचं सरळ हँडल काढून टाकलं होतं आणि त्या जागी रेसच्या सायकलीला असतं तसलं, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल बसवायला घेतलं होतं.

"काका, तू सांग ना बाबाला," पुतण्या म्हणाला.

"तूच सांग याला," दादा म्हणाला.

काउंटरच्या एका बाजूला गिऱ्हाईक आणि दुसऱ्या बाजूला मॅनेजर अशा अवस्थेत ज्याने नोकरी काढली, त्याला हे नवीन नाही. अशा वेळी आम्ही "बघतो" म्हणतो. मी म्हटलं, "बघतो."

आता, हे खूळ एकट्या पुतण्याचं असतं तर मी चहा घेऊन विषय बदलला असता. पण तिकडे अनेकांना हा नाद आहे. 1980 च्या आणि 1990 च्या दशकातल्या माउंटन बाइकची चाकं 26 इंचांची. पुढे नव्या सायकली 29 आणि साडेसत्तावीस इंचांवर गेल्या, आणि जुन्या गॅरेजांत पडून राहिल्या. वास्तविक त्यांचा सांगाडा पोलादाचा, दणकट. रुंद टायरला जागा. चढावर पाय न भरता नेतील असे हलके गिअर. मागे कॅरियर ठोकायला भोकं. अलीकडे 'ग्रॅव्हल बाइक' नावाची जी सायकल निघाली आहे, ती म्हणजे तरी काय? रुंद टायर आणि वाकडं हँडल. फक्त चांगल्यापैकी घ्यायची तर किंमत हजारो डॉलर. तेव्हा लोक म्हणाले, जुन्या सायकललाच शिंगं लावा! लुगडं विरलं की त्याची गोधडी करायची, ही आपल्या आज्यांची रीत. त्यामुळे तत्त्वतः मी पुतण्याच्या बाजूचा होतो.

पण दादाची बाजूही ऐकायला हवी. दादा 1993 साली तिकडे शिकायला गेला. परत निघालेल्या एका विद्यार्थ्याकडून त्याने ही सायकल 40 डॉलरना घेतली. त्या वेळी डॉलर साधारण 31 रुपयांना होता. म्हणजे हे झाले सव्वाबाराशेच्या आसपास, आणि बाबांना पत्रात किंमत कळवायची हिंमत नव्हती म्हणून "एका मित्राने दिली" असं त्याने कळवलं. बाबांनी उलटटपाली त्या मित्राला आशीर्वाद पाठवले.

"या हँडलाला मी तांदळाची पिशवी लटकवून आणलीय," दादा मला सांगत होता. "दुधाचे कॅन आणलेत. एकदा तर टेबललॅम्प आणलाय. रात्री एक वाजता कॅन्टीनमधली भांडी घासून परत यायचो ते हेच हँडल धरून. त्या वाकड्या हँडलाला पिशवी लावून दाखव म्हणावं!"

"बाबा, तुझ्याकडे आता दोन गाड्या आहेत," पुतण्या म्हणाला. "पिशवी कशाला?"

यावर दादा काही बोलला नाही. अशा वेळी न बोलणं हेच जास्त ऐकू येतं.

मला मराठीत पटवून झाल्यावर पुतण्याने पुराव्यानिशी पटवायचं ठरवलं. रविवारी आम्हा सगळ्यांना गाडीत घालून तो गोल्डन गेट पुलापलीकडे, मरिन परगण्यातल्या फेअरफॅक्स गावी घेऊन गेला. तिथे सायकलींचं म्युझियम आहे, 2015 साली उघडलेलं. माउंटन बाइकचं माहेरच ते. जवळच टमालपैस नावाचा डोंगर आहे, आणि त्या भागातल्या एका उतरणीचं नाव आहे रीपॅक. त्या उतरणीवर 1976 च्या ऑक्टोबरात काही पोरांनी सायकलींची पहिली शर्यत लावली. सायकली कसल्या? 1930 च्या नि 40 च्या दशकातल्या, शाळकरी पोरांसाठी केलेल्या, फुगीर टायरच्या श्विन कंपनीच्या जुन्या धूडसायकली. भंगारातून उचललेल्या. पायडल उलटं मारलं की ब्रेक लागायचा. उतरणीवर तो ब्रेक इतका तापायचा की हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा. खाली पोचल्यावर हब खोलून पुन्हा ग्रीस भरायचं, म्हणजे 'रीपॅक' करायचं. त्यावरून उतरणीचं नाव पडलं. आमच्याकडे असं नामकरण झालं असतं तर अर्ध्या घाटांची नावं 'पंक्चर' असती.

मग त्याच पोरांनी त्या धुडांना गिअर बसवले, मोटरसायकलीच्या ब्रेकचे दांडे बसवले, हँडलं बदलली. 1977 साली त्यांच्यातल्या जो ब्रीझने अशा उद्योगासाठी मुद्दाम नवा सांगाडा घडवला. 1981 साली स्टम्पजंपर नावाची सायकल दुकानात आली आणि मग कारखाने धडधडू लागले. त्या म्युझियममधल्या जुन्या सायकली बघताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादा ज्या 'मूळ' रूपासाठी भांडत होता, ते मूळच मुळी रूपांतर होतं! पेपर टाकणाऱ्या पोराच्या सायकलीचं डोंगरी रूपांतर.

"पण त्यांनी सरळ हँडलच ठेवलं ना?" दादा म्हणाला. "त्यांना अक्कल होती."

पुतण्या याच वाक्याची वाट बघत होता. त्याच मरिनमधला चार्ली कनिंगहॅम आपल्या ॲल्युमिनियमच्या डोंगरी सायकलींना वाकडी हँडलं लावायचा. त्याचीच सायकल घेऊन जॅकी फेलन ही बाई 1980 च्या दशकात शर्यती जिंकायची. 1987 साली ब्रिजस्टोन कंपनीने एमबी-1 ही माउंटन बाइक वाकड्या हँडलासकट विकायला काढली. आणि 1990 साली जॉन टोमॅक डोंगरातल्या शर्यतींत वाकडं हँडल लावून उतरला, कारण तो रस्त्यावरच्या शर्यतीही करायचा आणि दोन्हीकडे अंगाची ठेवण एकच राहावी असं त्याला वाटे. थोडक्यात, प्रतिवादीचा वकील चांगला होता. मी निकाल पुतण्याच्या बाजूने द्यायच्या बेतात होतो.

पण निकाल देण्यापूर्वी सायकल पुरी झाली.

दिसायला देखणी हो! गॅरेजच्या पांढऱ्या दाराला टेकवून पुतण्याने तिचे अकरा फोटो काढले. हँडलाला तपकिरी पट्टी गुंडाळलेली. वहिनीसुद्धा "छान दिसतेय" म्हणाल्या. मग पुतण्या मोठ्या मनाने म्हणाला, "बाबा, तू बस." दादा बसला. बसला म्हणजे काय, त्याने चालत्या सायकलीवर साष्टांग नमस्कार घातला. हात पुढे ताणलेले, पोट आडव्या दांडीला भेटायला निघालेलं, मान वर. घरासमोर थोडा उतार आहे. दादा हँडलाचा वरचा आडवा भाग धरून निघाला, आणि ब्रेक होते पुढे, शिंगांच्या वळणावर. त्याचा हात तिथपर्यंत पोचला तेव्हा शेजाऱ्याची पत्रपेटी त्याच्यापर्यंत पोचली होती. सुदैवाने पेटी वाकली; दादा नाही.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "हँडल कसलं का असेना, ब्रेक हाताशी नकोत का?"

वाचकहो, साऱ्या प्रकरणावरची खरी समीक्षा ही एवढीच. बाकीचं मी केवळ वाढवून सांगतो आहे.

गोम अशी आहे. सरळ हँडलाची सायकल सरळ हँडलाच्या हिशेबानेच कापलेली असते. तिची आडवी दांडी मुळातच रेसच्या सायकलीपेक्षा लांब असते. त्यावर वाकडं हँडल लावलं की हात आणखी आठ-दहा सेंटिमीटर पुढे जातात. तेव्हा हँडल ज्यावर बसतं तो गळा, ज्याला तिकडे स्टेम म्हणतात, तो आखूड आणि उंच हवा. पुतण्याने जुनाच लांब गळा ठेवला होता, कारण फोटोत तो ऐटबाज दिसतो. दुसरं म्हणजे मापं. सरळ हँडलाची नळी मुठीपाशी 22.2 मिलिमीटर, वाकड्याची 23.8. फरक 1.6. त्यामुळे जुने ब्रेकचे दांडे नि गिअरचे खटके नव्या नळीवर चढतच नाहीत. तेही नवे आणा. आमचे जुने हेडक्लार्क सांगायचे की एक रुपया साठ पैशांच्या फरकासाठी त्यांनी रात्री दहापर्यंत लेजरं चाळली होती. त्यांना हे लगेच पटलं असतं.

तिसरी गोष्ट जिवाशी खेळ करणारी. दादाच्या सायकलीला जुने कॅंटिलिव्हर ब्रेक आहेत. त्यांचं रेसच्या दांड्यांशी जमतं. पण 1996 पासून व्ही-ब्रेक आले. त्यांना जवळजवळ दुप्पट तार ओढावी लागते. रेसचा साधा दांडा तेवढी ओढत नाही. दांडा हँडलाला टेकतो, आणि चाक आपल्या मर्जीने थांबतं. यासाठी वेगळे दांडे मिळतात, तार दुप्पट ओढणारी चकती मिळते. पण फोटोत ती चकती काही शोभा देत नाही.

म्हणून माझी या नादाबद्दलची तक्रार वाकड्या हँडलाविषयी नाहीच. तक्रार आहे ती रूप उचलून कारण सोडून देण्याविषयी. त्या जुन्या डोंगरी मंडळींनी वाकडं हँडल शोभेला लावलं नव्हतं. ते हँडल उंच बसवायचे, त्याची टोकं बाहेरच्या बाजूला फाकलेली असायची; उतरणीवर खालचा भाग धरला की पकड घट्ट आणि ब्रेक बोटाखाली. आजचे हौशी लोक हँडल तेच घेतात आणि बसवतात मात्र रस्त्यावरच्या शर्यतीसारखं खाली. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 1975 साली 'ती फुलराणी' रंगभूमीवर आली. त्या इंग्रज बाईला नुसतं लुगडं नेसवून उभं केलं असतं तर पहिल्या अंकातच प्रेक्षक उठून गेले असते. तिची बोली इथली केली, म्हणून जमलं. सायकलीचंही तेच. हँडल ही वेशभूषा, गळा नि ब्रेक ही भाषा.

जेवताना मी हा निकाल वाचून दाखवला. अटी तीन. एक, माप सायकलीचं नव्हे, बसणाऱ्याचं घ्यायचं. दोन, ब्रेक हाताशी. तीन, सांगाड्याला करवत लावायची नाही; काढलेला प्रत्येक भाग जपायचा, म्हणजे उद्या मूळ रूप परत आणता येईल. कंपन्या कर्जरोख्यांचं शेअरमध्ये रूपांतर करतात, ते परत फिरत नाही. सायकलीचं फिरलं पाहिजे.

पुतण्या दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने टेप आणली आणि बापाला भिंतीशी उभा करून त्याच्या हातांची लांबी मोजली. मी तेव्हा उगीचच बाहेर गेलो. मग उंच आणि आखूड गळा आला. आणि त्याने आणखी एक युक्ती केली: हँडलाच्या वरच्या सरळ भागावर, मधोमध, ब्रेकचे दोन छोटे जादा दांडे बसवले. असे मिळतात. ब्रेक तोच, तार तीच. फक्त तो खाली वळूनही लावता येतो आणि वर ताठ बसूनही. खाली वाकून मुलाने चालवावी, वर बसून बापाने. आमच्या बँकेत अशा खात्याला 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' म्हणतात. पुतण्याला मी फक्त पहिला अर्धा भाग समजावून सांगितला.

खर्च झाला 230 डॉलर. मूळ किंमत 40. हिशेबतपासनीस म्हणून मला यावर शेरा मारायचा नाही. जुनं हँडल दांड्यांसकट एका खोक्यात गेलं. त्यावर दादाने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, '1993', आणि खोकं जिथे सायकल टांगलेली असायची तिथेच ठेवलं.

मी निघालो त्या सकाळी दादा सायकल घेऊन बाहेर पडला होता. परत आला तेव्हा ताठ बसला होता, आणि उजव्या शिंगाला एक पिशवी लटकत होती. आत कोथिंबिरीच्या दोन जुड्या.

"घसरत नाही," तो पुतण्याला म्हणाला. "वळणामुळे उलट बरीच राहते."