पूररेषेवरील शिल्प : नाशिकच्या दुतोंड्या मारुतीचा एक विचार

प्रस्तावना :
अहिल्यादेवी होळकर पुलापासून गोदावरीच्या प्रवाहासोबत चालत गेल्यास सुंदरनारायण मंदिर (१७५६), रामकुंड, दुतोंड्या मारुती आणि नारोशंकराचे मंदिर (१७४७) अशी शिल्पांची एक वाट सहज उलगडते. नाशिकच्या शिल्पवैभवाची चर्चा बहुधा दोन्ही मंदिरांवरील कोरीव कामापाशी थांबते. उघड्या घाटावर उभ्या असलेल्या, दोन विरुद्ध दिशांना मुखे असलेल्या मारुतीकडे श्रद्धेचा विषय म्हणून पाहिले जाते. सार्वजनिक शिल्प म्हणून त्याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे.

विवेचन :
केवळ घडणीच्या निकषावर ही मूर्ती शेजारच्या मंदिरांच्या कोरीव कामापुढे टिकत नाही. तिचे सामर्थ्य तिच्या उपयोगात आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की होळकर पुलाखालील प्रवाह क्युसेकमध्ये जाहीर होतो. शहर मात्र विचारते, 'मारुतीला पाणी कुठवर आले?' गुडघा, कंबर, छाती, गळा या क्रमाने नदीची चढण सांगितली जाते. आकड्याचा अर्थ लावण्यास माहिती लागते. कमरेएवढे पाणी म्हणजे काय, हे निरक्षर माणसासही कळते. मानवी देहाचे प्रमाण हेच येथे मापनाचे साधन झाले आहे. २००८, २०१६ व २०१९ च्या महापुरांच्या आठवणी याच परिभाषेत सांगितल्या जातात. पाणी मूर्तीच्या मस्तकावरून गेले की मोजपट्टी संपते; मग लोकांची नजर नारोशंकराच्या मंदिरावरील घंटेकडे वळते. वसईच्या विजयाचे स्मारक असलेली घंटाही अशा रीतीने महापुराची खूण ठरली.

पॅरिसमधील अल्मा पुलाचा झुआव्ह सैनिकाचा पुतळा हे याचे जवळचे उदाहरण होय. १९१० च्या पुरात सीन नदीचे पाणी त्याच्या खांद्यापर्यंत पोहोचले होते. अधिकृत मोजणी ऑस्टरलित्झ पुलाशी होत असली तरी पॅरिसकर या पुतळ्याकडेच पाहतात. परंतु १९७० च्या दशकात पूल नव्याने बांधताना पुतळ्याची जागा बदलली आणि १९१० च्या खुणेशी नंतरच्या पुरांची सरळ तुलना करणे अवघड झाले. पुतळा शाबूत राहिला. त्याची साक्ष मात्र खंडित झाली.

या उदाहरणातील इशारा नाशिकने लक्षात घ्यावयास हवा. सिंहस्थ आणि सुशोभीकरण यांच्या निमित्ताने घाटावर बांधकामे होतात. मूर्तीला धक्का न लावताही तिचा अर्थ बदलू शकतो. भोवतालची फरसबंदी उंचावली, पात्रातील काँक्रीट वाढले किंवा काढले गेले, तर 'कंबरेएवढे पाणी' या शब्दांचा आशय पूर्वीचा राहत नाही. चौथरा, घाटाची पातळी आणि नदीपात्र हे तिन्ही या शिल्पाचेच घटक मानले पाहिजेत.

समारोप :
सार्वजनिक शिल्पाची खरी कसोटी समाज त्याचा वापर कशासाठी करतो, ही होय. या कसोटीवर दुतोंड्या मारुती नाशिकच्या शिल्पवाटेतील सर्वाधिक वाचले जाणारे शिल्प ठरतो. त्याच्या जतनाचा विचार रंगरंगोटीपुरता सीमित न ठेवता, घाटावरील प्रत्येक कामापूर्वी मूर्तीच्या पायथ्याची व भोवतालची पातळी मोजून नोंदविणे आवश्यक आहे. ही नोंद नसेल, तर पुढील पिढीला मूर्ती दिसेल. परंतु मागील पिढीने तिच्यावर पाहिलेला पूर ताडून पाहता येणार नाही.